बारोलो परवडत नाही, मग काय प्यायचं?

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की इटलीला निघालेल्या कुणाला वाईनबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, आणि मग जे काही आलंय ना, अर्धे प्रश्न वाईनचे आणि अर्धे बिलाचे! बरंच झालं, शेवटी दोन्ही एकाच टेबलावर येतात. सगळी पत्रं इथं मावणार नाहीत, म्हणून मिळतेजुळते प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: ताई, आम्ही दोघं ऑक्टोबरमध्ये दहा दिवस इटलीला चाललोय. टूरवाले रोम, पिसा, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान सगळं एका दमात दाखवतात, ते नकोय म्हणून आमचं आम्हीच ठरवतोय. मिस्टरांना वाईनचा शौक, मला खाण्याचा. वाईनचा एकच भाग बघायचा तर टस्कनीच ना? — एक वाचिका, कोथरूड

टस्कनी सुंदरच आहे, वादच नाही, पण ऑक्टोबर महिना, एक पिणारा आणि एक खाणारी, असं असेल तर मी डोळे झाकून पिएमोंते सांगेन. मिलान-तुरिनच्या खालचा भाग, तिथल्या टेकड्यांना लांगे म्हणतात, आणि आल्बा हे त्यातलं मुख्य गाव. फ्लॉरेन्सहून फास्ट ट्रेनने तुरिन तीन तासांच्या आसपास, तिथून लोकल गाडीने आल्बा. या द्राक्षबागांना 2014 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलंय, पण गर्दी अजून टस्कनीइतकी नाही.

ऑक्टोबर का, तर नेब्बिओलो नावाचं इथलं मुख्य द्राक्ष उशिरा पिकतं, बाकीची द्राक्षं उतरून झाली तरी हे वेलीवरच असतं, सकाळी टेकड्यांमध्ये धुकं भरलेलं आणि बागांमध्ये तोडणी चाललेली असं नशिबात असलं तर बघायला मिळतं. आणि त्याच वेळेला आल्बात पांढऱ्या ट्रफलची जत्रा असते, ऑक्टोबरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. ट्रफल म्हणजे झाडांच्या मुळांशी वाढणारी बुरशी, कुत्र्याला घेऊन रानात शोधत फिरतात, बहुतेक रात्री, म्हणजे दुसऱ्याला आपली जागा कळू नये! हॉटेलात तुमच्या समोर ट्रफल वजन करून, मग ताटलीवर किसून देतात आणि पैसे ग्रॅमवर. मागवण्याआधी ग्रॅमचा भाव विचारायला अजिबात लाजू नका, तिथले लोकही विचारतात. साधे ताजारिन (अंड्याच्या बलकातल्या बारीक शेवया) बटरवर परतलेले आणि त्यावर ट्रफल, बस, दुसरं काही नको. दुकानातलं ट्रफल ऑईल मात्र घेऊ नका, त्यातल्या बहुतेक बाटल्यांत लॅबमधला वास असतो.

आता वाईन. बारोलो ही इथली नावाजलेली लाल वाईन अकरा गावांच्या हद्दीत होते, सगळी नेब्बिओलोचीच, आणि किमान 38 महिने ठेवल्याशिवाय विकता येत नाही, त्यातले 18 लाकडी पिंपात. रंग बघून फसू नका, लाल रंगात पाणी घातल्यासारखा फिका दिसतो, पण तोंडात घेतली की हिरड्या आवळून धरते. वास गुलाबाचा आणि डांबराचा असं म्हणतात आणि मला तरी ते पटतं. ला मोर्राकडची जरा मऊ, सेर्रालुंगाकडची कडक, मातीच वेगळी आहे. दोन गावांच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी चाखल्या की मिस्टरांना अर्ध्या तासात जे कळेल ते पुस्तकं वाचून कळायचं नाही.

पण तुमच्या जागी मी एक दिवस बारोलोला आणि एक अख्खा दिवस बार्बारेस्कोला देईन. छोटंसं गाव, एक बुरूज, एक मुख्य रस्ता. द्राक्ष तेच, पण वाईन 26 महिन्यांत बाजारात येऊ शकते, जरा लवकर मोकळी होते. इथली शेतकऱ्यांची सहकारी वायनरी हे माझ्या जिव्हाळ्याचं प्रकरण आहे. आल्बाच्या वाईन शाळेचे मुख्याध्यापक दोमित्सिओ कावाझ्झा यांनी 1894 मध्ये शेतकरी जमवून पहिली सहकारी वायनरी काढली, ती फॅसिस्ट राजवटीत बंद पडली, मग 1958 मध्ये गावच्या पाद्रीबाबांनी 19 छोट्या शेतकऱ्यांना एकत्र केलं कारण एकट्याने द्राक्षं विकून पोट भरत नव्हतं, गावं रिकामी व्हायला लागली होती. पहिल्या काही वर्षांची वाईन चर्चच्या तळघरात केली. आपल्याकडे प्रवरानगरला 1950 च्या सुमारास उसाचं जे झालं तेच तिथं द्राक्षांचं, फरक एवढाच की यांनी राजकारण लांब ठेवलं आणि नेब्बिओलो सोडून दुसरं काही करायचंच नाही असं ठरवलं, ते आजतागायत. प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को असं नाव आहे. चांगल्या सालात एकेका बागेची वेगळी बाटली काढतात, आणि त्या दर्जाच्या मानाने किंमत अजून माणसात आहे. गावातल्या जुन्या सान दोनातो चर्चमध्ये आता वाईनचं दुकान आहे, जिथं आजूबाजूच्या बऱ्याच उत्पादकांच्या वाईन ग्लासवर चाखता येतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. छोट्या वायनरीत आधी मेल करून वेळ घ्यावी लागते, रविवारी बरेच बंद असतात, नुसतं दारात जाऊन उभं राहणं चालत नाही. आणि गाडी भाड्याने घेणार असाल तर चालवणाऱ्याने वाईन नुसती चाखून थुंकायचं. खरंच थुंकायचं, त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, त्यात काही वाईट दिसत नाही. रक्तात लिटरला 0.5 ग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, आणि लायसन्स तीन वर्षांच्या आतलं असेल तर शून्य. मिस्टर थुंकायला तयार नसतील तर टॅक्सी करा.

प्रश्न: बारोलो बारोलो म्हणून मेनू उघडला तर आकडे बघूनच घसा कोरडा. मग मध्यमवर्गीय माणसाने तिथं जाऊन काय प्यायचं? — एक वाचक, डोंबिवली

अहो, तिथला मध्यमवर्गीय माणूस रोज जे पितो ते! बारोलो बनवणाऱ्या घरातसुद्धा मंगळवारी दुपारच्या जेवणाला बारोलो उघडत नाहीत. बार्बेरा उघडतात, नाहीतर दोल्चेत्तो, दोन्ही तिथल्याच रोजच्या लाल वाईन. बार्बेरा म्हणजे आंबटपणा भरपूर आणि तुरटपणा कमी, टोमॅटो, चीज, तळलेलं, सगळ्याबरोबर जमते. नेब्बिओलोचीच चव हवी असेल तर यादीत 'लांगे नेब्बिओलो' शोधा. बऱ्याचदा त्याच उत्पादकाची, त्याच्याच तरुण वेलींची असते, कमी दिवस ठेवलेली, आणि किंमत साधारण बारोलोच्या निम्म्याखाली.

आणि साध्या त्रात्तोरियात, म्हणजे घरगुती खानावळीत, गेलात तर सरळ 'विनो देल्ला काझा' मागा, म्हणजे घरची वाईन. पाव लिटर, अर्धा लिटर, लिटर अशी काचेच्या जगमध्ये येते. आपल्याकडे हाऊस वाईन म्हटलं की आपण नाक मुरडतो, तिथं मात्र ती बहुतेक वेळा जवळच्याच कुणाकडून आलेली असते आणि मालक स्वतः तीच पितो. अर्थात स्टेशनसमोरच्या, सात भाषांत फोटोवाला मेनू लावलेल्या ठिकाणी ही थिअरी चालत नाही. तिथं बिअर घ्या, किंवा त्याहून चांगलं म्हणजे दोन गल्ल्या चालत पुढे जा.

माझा एक साधा नियम आहे, जिथं बसलोय तिथून गाडीने तासाभरात जी द्राक्षबाग येते तिची वाईन मागवायची. रोममध्ये फ्रास्काती, बोलोन्यात लाम्ब्रुस्को, नेपल्सला आल्यानिको नाहीतर फालांगिना, सार्डिनियात कान्नोनाउ. व्हेनिसला बसून टस्कनीची महाग बाटली मागवण्यात काही पाप नाही, पण मग इतक्या लांब कशाला गेलात.

प्रश्न: रोमच्या एका हॉटेलात आम्ही मागितला नव्हता तरी ब्रेड आला आणि बिलात त्याचे पैसे लागले. फ्लॉरेन्सला तर ब्रेडला हातही लावला नाही तरी माणशी अडीच युरो. फसवलं का आम्हाला? — एक वाचक, सांगली

नाही हो. फ्लॉरेन्सचं ते 'कोपेर्तो', टेबलावर बसल्याचे माणशी पैसे, इटलीत बहुतेक ठिकाणी चालतं, ब्रेड खा नाहीतर नका खाऊ. फक्त ते मेनूवर छापलेलं असायला हवं, बहुतेक शेवटच्या पानावर एकदम बारीक अक्षरांत. रोम ज्या लाझिओ प्रदेशात आहे तिथं 2006 च्या प्रादेशिक कायद्याने कोपेर्तो लावायला बंदी आहे, म्हणून मग ब्रेडचे पैसे लावतात, पण तो ब्रेड तुम्ही परत पाठवू शकता, आणल्या आणल्या नको म्हणायचं.

खरी फसगत होते ती वेगळीकडे. माशाच्या किंवा मोठ्या स्टेकच्या किमतीपुढे बारीक 'एत्तो' असं लिहिलेलं असतं, म्हणजे तो भाव शंभर ग्रॅमचा. फ्लॉरेन्सचा तो प्रसिद्ध स्टेक, बिस्तेक्का, किलोवर विकतात आणि एक तुकडा किलोच्या वरच असतो, दोघांनी मिळून मागवला तरी पोट फुटेल आणि खिसाही. टिपची सक्ती नाही, बिलात 'सेर्वित्सिओ' लागलंच असेल तर वर काही ठेवायची अजिबात गरज नाही.

प्रश्न: वेटर आधी ग्लासात थोडीशीच वाईन ओततो आणि आपल्याकडे बघत उभा राहतो. तेव्हा काय बोलायचं असतं? — एक वाचक, बेळगाव

काही नाही. वास घ्यायचा, घोट घ्यायचा, मान डोलवायची. आवडली का असं तो विचारत नाहीये, बाटली खराब नाही ना एवढंच बघायचंय. ओल्या पुठ्ठ्यासारखा, भिजलेल्या फडक्यासारखा कुबट वास आला तर कॉर्क बिघडलाय, शांतपणे सांगा, बाटली बदलून देतात. घरच्या वाईनच्या जगला हा सोहळा नसतो.

प्रश्न: आमच्या घरात सगळे शाकाहारी, मी अंडंही खात नाही, वाईन मात्र घेते (हसू नका). इटलीत माझं काय होणार? — एक वाचिका, जळगाव

हसत नाही, अशी बरीच पत्रं आलीत. तर सरळ सांगते, वर मी ज्या पिएमोंतेचं एवढं कौतुक केलं ते तुमच्यासाठी नाही. ताजारिनमध्ये किलोभर पिठाला तीस-तीस बलक जातात, बान्या काउदा नावाचं भाज्या बुडवून खायचं गरम प्रकरण दिसायला शाकाहारी पण त्यात अँकोव्ही मासे विरघळलेले असतात, आणि पार्मेजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करायचं द्रव्य), कायद्यानेच तसं आहे. अजून एक, काही वाईन गाळून स्वच्छ करायला अंड्याचा पांढरा भाग किंवा माशापासून काढलेलं जिलेटिनसारखं द्रव्य वापरतात. काटेकोर असाल तर बाटलीवर 'वेगन' लिहिलेलं शोधा, हल्ली बऱ्याच बाटल्यांवर असतं.

तुम्ही दक्षिणेला जा, पुलियाला. तिथला पास्ता रवाळ गव्हाच्या पिठाचा आणि पाण्याचा, अंडं नाही. 'फावे ए चिकोरिया' म्हणजे सुके फावा, आपले बाकल्याचे दाणे, ते शिजवून घोटायचे, वर ऑलिव्ह ऑईल आणि बाजूला कडसर रानभाजी. जळगावच्या माणसाला पहिल्या घासात आपलं वाटेल. भाजलेल्या, तेलातल्या भाज्यांची इथं रेलचेल. सोबत नेग्रोआमारो नाहीतर प्रिमितिवो, दोन्ही तिथलीच लाल द्राक्षं, आणि उन्हाळा असेल तर सालेंतोची गुलाबी रोझातो. ओरेक्किएत्ते पास्ता हिरव्या भाजीबरोबर देतात, त्यात मात्र अँकोव्ही असू शकतात, 'सेन्त्सा अच्चूगे' एवढे दोन शब्द पाठ करा.

टस्कनीतही जमेल. फाजोली म्हणजे पांढऱ्या घेवड्याचे दाणे, शिळ्या ब्रेडची रिबोल्लिता आणि पाप्पा अल पोमोदोरो, ब्रेडमध्ये मीठ नसतं त्याची मात्र सवय करावी लागते. लिगुरियाला गेलात तर फारिनाता शोधा, हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह ऑईल, तांब्याच्या मोठ्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजलेली, वर मिरपूड. त्याच्याबरोबर गार वेर्मेंतिनो, पांढरी वाईन.

प्रश्न: ताई मी म्युनिकला मास्टर्स करतोय, दोन मित्रांबरोबर वीकेंडला व्हेनिसला जाणार आहे. बजेट म्हणजे समजून घ्या. स्वस्तात वाईन आणि पोट दोन्ही कसं भरायचं? — एक विद्यार्थी

अरे, व्हेनिस महाग आहे ते बसणाऱ्यांसाठी, उभं राहणाऱ्यांसाठी नाही! रियाल्टोच्या मासळी बाजारामागच्या गल्ल्यांमध्ये 'बाकारो' नावाचे छोटे बार आहेत, काउंटरवर छोट्या ग्लासात वाईन मिळते, तिला 'ओम्ब्रा' म्हणायचं, आणि काचेच्या कपाटात 'चिक्केत्ती' मांडलेले असतात, म्हणजे ब्रेडच्या तुकड्यावर लोण्यासारखा फेटलेला सुका कॉड मासा, कांदा-व्हिनेगरमधल्या सार्डिन, उकडलेलं अंडं, भोपळ्याचं काहीतरी. एक ओम्ब्रा, दोन चिक्केत्ती, पुढचा बाकारो. असं तीन-चार ठिकाणी फिरलात की जेवण झालं, खुर्चीवर बसून एक पास्ता खाल्ला असता त्याहून कमीत. संध्याकाळी सहानंतर स्थानिक लोक हेच करतात. खाणं घेऊन सान मार्कोच्या पायऱ्यांवर मात्र बसू नका, दंड लावतात.

रविवारचा अर्धा दिवस मोकळा असेल तर लोकल ट्रेनने कोनेल्यानो गाठा, तासाभराचा प्रवास. प्रोसेक्को ही फसफसणारी पांढरी वाईन तिथल्या टेकड्यांची, 2019 पासून त्याही युनेस्कोच्या यादीत आहेत. सुपरमार्केटमधली प्रोसेक्को सपाटीवरच्या नऊ जिल्ह्यांतून कुठूनही येऊ शकते, म्हणून बाटलीवर 'कोनेल्यानो वाल्दोब्बियादेने' बघून घे. म्युनिकला परतताना एक घेऊन जा, रूममेट्स खूश.

प्रश्न: 1980 च्या दशकात मामांनी परदेशातून गवताच्या टोपलीतली कियांतीची गोल बाटली आणली होती, वाईन भयंकर होती पण बाटली अजून शोकेसमध्ये आहे. कियांती अशीच असते का? — एक वाचक, ठाणे

कियांती ही टस्कनीची लाल वाईन, तेव्हाची बऱ्याचदा तशीच असायची. त्या बाटलीला फियास्को म्हणतात आणि 1967 च्या नियमात लाल कियांतीत दहा ते तीस टक्के पांढरी द्राक्षं घालायला परवानगी होती, सक्तीच म्हणा, म्हणून पातळ, आंबट वाईन यायची. वैतागून काही उत्पादकांनी नियमच सोडले, 1971 सालची तिन्यानेल्लो ही त्यातली गाजलेली, कागदोपत्री साधी 'टेबल वाईन' आणि किंमत सगळ्यांच्या वर. शेवटी नियमांनाच बदलावं लागलं. आता कियांती क्लास्सिकोमध्ये सांजोवेझे हे लाल द्राक्ष किमान 80 टक्के आणि 2006 पासून पांढरी द्राक्षं बंद. काळा कोंबडा छापलेली बाटली घ्या.

आणि सांजोवेझे प्यायला इटलीलाच जायला पाहिजे असंही नाही, सोलापूर जिल्ह्यात अकलूजला त्याची लागवड आहे. फ्रातेल्ली वायनरी मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा तीन घरांतल्या भावांनी काढली, वाईन करायला टस्कनीचे पिएरो मासी आले. टस्कनीसारखी लागते का? नाही लागत, ऊन वेगळं, माती वेगळी, अकलूजची जास्त पिकलेली वाटते. पण मामांच्या बाटलीपेक्षा नक्कीच बरी.

प्रश्न: मटणाच्या तांबड्या रश्श्याबरोबर कुठली इटालियन वाईन? मुलाने अमारोने आणलीय. — एक वाचक, कोल्हापूर

अमारोने नको! सुकवलेल्या द्राक्षांची वाईन ती, अल्कोहोल पंधरा-सोळा टक्क्यांपर्यंत, आणि तिखटावर अल्कोहोल आणि टॅनिन (वाईनचा तुरटपणा) दोन्ही पडले की जाळ दुप्पट होतो. ती थंडीत जेवण झाल्यावर जुन्या चीजबरोबर उघडा. रश्श्याला लाम्ब्रुस्को, लाल, फसफसणारी, चांगली गार करून, जरा गोडसर असेल तर अजून उत्तम. ती मिळाली नाही तर बार्बेरा, पण अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून. लाल वाईन रूम टेंपरेचरला प्यायची हा सल्ला युरोपातल्या खोल्यांचा आहे, कोल्हापूरच्या एप्रिलचा नव्हे. तळलेल्या बोंबलाबरोबर प्रोसेक्को, आणि पुरणपोळीबरोबर मोस्कातो दास्ती, पाच-साडेपाच टक्क्यांची हलकी, गोड, सासूबाईसुद्धा दुसरा ग्लास मागतील.

प्रश्न: येताना किती बाटल्या आणता येतात? — बरेच वाचक

ड्युटी न भरता माणशी दोन लिटर. म्हणजे 750 मिलिच्या दोन बाटल्या, तिसरी धरली तर सव्वादोन लिटर होतात आणि कस्टमवाल्याला मोजता येतं. दोघं असाल तर चार. वाईन 24 टक्क्यांच्या खालची असल्यामुळे चेक-इन बॅगेत ठेवायला विमानाचा नियम आड येत नाही, हातातल्या बॅगेत मात्र चालत नाही. प्रत्येक बाटली आधी प्लास्टिकमध्ये, मग जीन्समध्ये गुंडाळून बॅगेच्या मधोमध, कडेला नको. आणायच्याच तर इथं न मिळणाऱ्या आणा. इम्पोर्टेड वाईनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं 150 टक्के कस्टम ड्युटी आणि वर राज्याचे कर, त्यामुळे दुकानदार नावाजलेल्याच बाटल्या मागवतात, बार्बारेस्कोच्या एका बागेची रिझेर्वा (जास्त काळ ठेवलेली वाईन) कोण मागवणार. दुकानाचं बिल पासपोर्टबरोबर ठेवा, बॅगेत नको.